मास्क कोणाच्या चेहऱ्याचा?

(नागपूर येथे कामगार कुटुंबांच्या सभेत एका वकिलाने केलेले भाषण)



आज मी एका अगदी लहान वस्तूविषयी बोलणार आहे. ती म्हणजे धुळीच्या कामावर तोंडाला लावावयाचा मास्क.

काही वर्षांपूर्वी दगडफोडीच्या कामावरील एका कामगाराचा भरपाईचा दावा मी चालविला. सिलिकाची धूळ साचून त्यास सिलिकोसिस जडला होता. मालकाच्या वकिलाने नोंदवही पुढे केली. तीत मास्क दिल्याची दरमहा नोंद होती आणि समोर माझ्या पक्षकाराचा अंगठा होता. मास्क दिला, कर्तव्य संपले, असा त्यांचा युक्तिवाद! तो मास्क त्याच्या खोल गेलेल्या गालांवर नीट बसत होता काय, हे कोणी पाहिले नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर तो प्रश्न विचारण्याचे मलाही त्या वेळी सुचले नाही. पुढे कळले की त्याची पत्नी तो मास्क रोज साबणाने धुऊन दोरीवर वाळत घालीत असे. त्या माउलीचा काय दोष? अशा मास्कच्या थरांत विद्युतभार असतो, बारीक कण त्यानेच ओढून धरले जातात आणि साबणाच्या पाण्याने तो नाहीसा होतो, हे तिला सांगणारे कोण होते? दाव्यात तडजोड झाली. माणसाचा दम काही परत आला नाही.

फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसणारी धूळ डोळ्यांस दिसत नाही. दुपट्टा चौपदरी गुंडाळला तरी ती अडत नाही. चांगला मास्कही गालाशी फट राहिली की निकामी होतो, कारण हवा सोपी वाट शोधते आणि तिच्याबरोबर धूळ आत जाते.

मग मास्कचे माप कोणाच्या चेहऱ्यावरून घेतले? अमेरिकेत १९७० च्या दशकात त्यासाठी जो नमुना ठरला, तो तेथील हवाई दलातील लोकांच्या १९६७-६८ सालच्या मोजमापांवरून बेतलेला होता. तो आपल्याच कामगारांस लागू पडत नाही, असे पुढे तेथील संशोधकांस आढळले आणि २००३ साली ३,९९७ जणांचे चेहरे नव्याने मोजण्यात आले. त्या देशाला आपल्या माणसांकरिता एवढी दगदग करावीशी वाटते, तर रामटेक तालुक्यातील मँगनीज खाणींत, उमरेडच्या कोळशात किंवा गिट्टीखदानीवर राबणाऱ्या आमच्या माणसांचे चेहरे मोजण्यायोग्य नाहीत काय? स्त्रियांचा चेहरा तर सहसा आणखी लहान असतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो. घामाने मास्क ओला होतो, श्वास कोंडतो, आणि कामगार तो गळ्यात ओढून ठेवतो. त्यास हलगर्जी म्हणणे सोपे आहे. या उन्हात जड काम करताना माणूस तो किती वेळ सोसू शकतो, हे प्रत्यक्ष कामाच्या जागी मोजले पाहिजे. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे असताना, डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा भागात गेले आणि स्वतः खाणीत उतरले. संशोधकांनीही तेथवर उतरावे, एवढेच माझे मागणे आहे.

संस्था नाहीत असे नव्हे. १९९० साली स्थापन झालेली राष्ट्रीय खनिक आरोग्य संस्था पुढे आपल्याच नागपुरात आली, आणि २०१९ साली केंद्र सरकारने ती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करण्याचा निर्णय घेतला. शास्त्रज्ञ आहेत, खाणीही येथेच आहेत. मात्र प्रथम मोजावी ती हवेतील धूळ. दगडावर पाणी मारून ती मुळातच दाबता येत असेल, तर मास्क पुढे करून मालकाने सुटू नये. मास्क हा शेवटचा उपाय होय. त्यानंतर चेहऱ्याची मापे, उन्हातील टिकाव आणि किंमत यांचा विचार व्हावा. कंत्राटी मजूर आज एका ठिकाणी तर उद्या दुसऱ्या ठिकाणी असतो. त्याची तपासणी कोणी ठेवावी, हाही संशोधनाचाच विषय आहे, जरी त्यास प्रयोगशाळा लागत नाही.

अ‍ॅस्बेस्टॉसच्या प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला आहे. म्हणून मास्क मागताना आपण भीक मागत नाही. पण नोंदवहीवर अंगठा वा सही करण्यापूर्वी मास्कचा प्रकार, माप व तारीख लिहून घ्या, आणि तो चेहऱ्यावर बसवून पाहिला की नाही, तेही लिहावयास लावा. ज्यांच्या घरी वापरलेला मास्क असेल, त्यांनी येत्या रविवारी तो येथे घेऊन यावा. नोंद कशी करावी, ते मी एकेकाला दाखवीन.