दोरीतली वीज

श्रोतेहो, मी विज्ञानाचा माणूस नव्हे. बी. ए. झालो, कविता लिहितो. तरी आज एका खेळाविषयी बोलणार आहे.

दहा-पंधरा मुलं गोल उभी करायची. लांब दोरीची टोकं बांधून ती सगळ्यांच्या सैल मुठीतून न्यायची. एक मूल सेल होतं. ते एका हाताने दोरी ओढतं, दुसऱ्या हाताने पुढे सोडतं. दोरी सगळ्यांच्या मुठीत एकदमच फिरू लागते. बटण दाबताच दिवा का लागतो, ते इथे कळतं. तारेतले कण सेलपासून धावत येत नाहीत, ते आधीच तारभर असतात.

आता समोरच्याने मूठ आवळायची. त्याचा तळवा तापतो. तो झाला दिवा. दोरी मात्र सगळीकडेच मंदावते, त्याच्या अलीकडे तशी पलीकडेही. दिवा प्रवाह खाऊन टाकतो, असं पुष्कळ मोठ्या माणसांनाही वाटतं. खर्च होते ती ओढणाऱ्याची ताकद. 'रोध' हा शब्द या वेळी सांगावा, आधी नव्हे. आधी सांगितलेला शब्द पाठ होतो, एवढंच.

मग खरी वस्तू हाती द्यावी. दीड व्होल्टचे दोन सेल, शंभर ओहमचा रोध, लाल एलईडी. लांब पाय धन बाजूला. उलटा लावला की पेटत नाही, मुलं भांडतात, पाय बदलतात. घरातल्या बोर्डाला मात्र हात लावायचा नाही, हे बजावून सांगावं.

अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुकात २००३ ते २०१४ या काळात टाकाऊ वस्तूंची खेळणी मुलांकडून करवून घेतली. सेल, चुंबक, सेफ्टी पिना आणि तांब्याची तार यांची त्यांची मोटर पुष्कळांनी पाहिली असेल. माझा जीव दोरीवर आहे, त्याला कारण आपला जिल्हा. दिवाळीच्या सुमारास आपली माणसं ऊसतोडीला निघतात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर जातात. शाळेतली प्रयोगाची पेटी कपाटातच राहते. कोपीवर दोरी असतेच.

वडवणीकडच्या एका मुलीने कारखान्यावर हा खेळ मांडला. सेल म्हणून तिचा धाकटा भाऊ उभा केला. दोरी हलेना. तिने त्याच्यामागे आणखी एक पोरगा लावला, दोघांनी एकाच दिशेला ओढलं आणि दोरी फिरली. दुसऱ्याने उलटं ओढलं तर काय होईल, तेही त्यांनी लगेच करून पाहिलं.