धावण्याचीही कॉशन ऑर्डर



१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. त्यांचे स्मरण करून मी चाळिशीनंतर इथे तिरुवैयारुत, कावेरीकाठी धावू लागलो.

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. पण आरंभीच तो आकडा डोक्यात घेऊ नये. रुळाखालची खडी चाळून पुन्हा भरली की आम्ही गाडी लगेच पूर्ण वेगाने सोडत नाही. कॉशन ऑर्डर देतो आणि खडी बसेल तसा वेग टप्प्याटप्प्याने वाढवतो. शरीराचेही तसेच आहे. दम लवकर वाढतो. गुडघे-घोटे बळकट व्हायला जास्त वेळ लागतो. घाई केली की दुखणे येते ते इथेच.

म्हणून थोडे धावा, थोडे चाला. सोबत्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवा. इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, तेव्हा सूर्योदयापूर्वीच निघा. चाळिशी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांकडून हृदय व रक्तदाब तपासून घ्यावा. छातीत दुखले तर तो लाल सिग्नल. तिथेच थांबावे आणि उपचार घ्यावेत.

उद्या पहाटे साडेपाचला त्यागराज समाधीपाशी भेटू. गणपती बाप्पा मोरया!