हातातून गेलेले वळण
(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवानिमित्त वडोदरा येथे दिलेले व्याख्यान)



वापरातून गेलेल्या वस्तू आणि सवयी यांविषयी चार शब्द बोलावेत, अशी सूचना आपल्या चिटणिसांनी केली. विषय मन हळवे करणारा आहे. पाण्याचा बंब, पाटा-वरवंटा, कंदील, अडकित्ता, पानाचा डबा ही नावे नुसती उच्चारली, तरी आपल्यापैकी अनेकांना आजोळ आठवेल. परंतु आज मी या वस्तूंविषयी बोलणार नाही. अडकित्ता कपाटात मांडून ठेवला, तर शंभर वर्षांनी पाहणाऱ्यालाही तो कशासाठी होता हे थोड्या विचाराने उमगेल. काही सवयींचे मात्र तसे नसते. सवय गेली की तिच्या आधाराने झालेले सारे कामही आपल्यापुरते मुके होऊन बसते. मोडी लिहिण्या-वाचण्याची सवय ही अशांपैकी आहे.

पूर्वीच्या साक्षर मराठी माणसाला बहुधा दोन लिप्या येत. पोथी, स्तोत्र, पुराण हे सारे बाळबोधीत, म्हणजे आज आपण जिला देवनागरी म्हणतो तिच्यात. रोजचा व्यवहार मात्र मोडीत. हिशेब, पावती, कर्जरोखा, वाटणीपत्र, सरकारी हुकूम, सासरी गेलेल्या मुलीच्या खुशालीची चौकशी, हे सगळे मोडीत चाले. या लिपीच्या प्रसाराचे श्रेय परंपरेने यादवांच्या हेमाद्री पंडिताला दिले आहे. ते बाजूला ठेवले, तरी शिवकाल आणि पेशवाई यांचा कारभार मोडीत चालला याला कागदांचीच साक्ष आहे.

लिहिण्याची साधनेही घरगुती होती. बोरूचा तुकडा घ्यायचा, चाकूने त्याचे टोक तिरके तासायचे, काजळी आणि डिंक यांच्या शाईत तो बुडवायचा. ओली अक्षरे टिपण्यासाठी बारीक वाळू असे. बाळबोधीत आपण आधी अक्षर काढतो आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ देतो. मोडीत उलट होते. आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढायची आणि मग तिच्या खाली, हात शक्य तितका न उचलता, अक्षरांची माळ ओवत जायचे. या लिपीचा सारा घाट वेगासाठी बांधलेला आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत, दोन शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते. एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचे.

म्हणूनच मोडी वाचणे म्हणजे केवळ मुळाक्षरे ओळखणे नव्हे. ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री, तारखेआधीचा ‘छ’ म्हणजे चंद्र, हे माहीत असावे लागते. वर्ष तर अनेकदा अरबी संख्याशब्दांत असते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे कागदावर दिसले की आजचा वाचक थबकतो. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. मिळून सुहूर सन ११६१ झाला. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदले, म्हणून त्यात वर्षाच्या पूर्वभागासाठी ५९९ आणि जानेवारीनंतरच्या भागासाठी ६०० मिळवायचे, की इसवी सन १७६०-६१ मिळतो. ज्या वर्षाच्या जानेवारीत पानिपत झाले, ते हे वर्ष. ही बेरीज पूर्वी कारकुनाच्या बोटांवर असे.

अशी रुळलेली लिपी गेली कशी? ती किचकट होती म्हणून गेली, असे सांगितले जाते. ते पूर्णपणे खरे नाही. मुद्रणाने तिला मागे टाकले. वास्तविक मोडीचे टंक झाले होते. विल्यम केरी यांचा १८१० सालचा मराठी-इंग्रजी कोश सेरामपूर येथे मोडी टंकांतच छापला गेला. परंतु मुंबईत मराठी मुद्रण वाढले ते बाळबोधीत. १८३२ साली निघालेले बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ही बाळबोधीतच छापले जाई. क्रमिक पुस्तके, वृत्तपत्रे आणि कादंबऱ्या यांवर वाढलेल्या पिढ्यांचे डोळे एका लिपीला आणि हात दुसऱ्या लिपीला सरावलेले, ही स्थिती फार काळ टिकणारी नव्हती. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोधी स्वीकारण्याचे ठरवले. शाळांतून मोडी शिकवणे त्यानंतरही काही काळ चालले आणि १९५० च्या आसपास तेही सरले.

आपण ज्या नगरीत राहतो तिथे याच कथेचा दुसरा शेवट रोज डोळ्यांसमोर असतो. गुजरातीतही पूर्वी अशाच दोन लिप्या होत्या. ग्रंथरचनेला देवनागरी आणि पेढीवरच्या वह्यांना डोक्यावरची रेघ नसलेली व्यापारी लिपी. तिला वाणियाशाई असेही म्हणत. फरदुनजी मर्झबान यांनी मुंबईत छापखाना काढला आणि १८२२ साली ‘मुंबई समाचार’ सुरू केले ते या व्यवहारातल्या लिपीच्या टंकांत. पुढे तीच लिपी साऱ्या गुजराती साहित्याची झाली. आज येथील बाजारातली प्रत्येक पाटी त्या पेढीवरच्या लिपीची वंशज आहे. एकाच शतकात, एकाच मुंबईत, गुजराती माणसाची वहीची लिपी छापखान्यात शिरली आणि मराठी माणसाची वहीची लिपी बाहेर राहिली. यात लिपीच्या गुणदोषांपेक्षा टंक कोणी पाडले आणि छापखान्याला कोणती अक्षरे सोयीची वाटली, याचा वाटा मोठा आहे. म्हणून मोडी गेली याचा दोष तिला देऊ नये आणि ती परत रोजच्या वापरात येईल अशी आशाही धरू नये. बाळबोधीने मराठीला हिंदी आणि संस्कृत यांच्या जवळ ठेवले, हा लाभही लहान नाही.

प्रश्न आहे तो मागे राहिलेल्या कागदांचा. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. त्यांचे २२ खंड झाले. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले आणि येथेच ‘रियासती’चे काम उभे राहिले. पुढे त्यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. या माणसांची चिकाटी असामान्य होती, यात शंका नाही. पण एक गोष्ट आपण विसरतो. ते ज्या काळात वाढले त्या काळी मोडी चालू होती. त्यांना साहाय्य करणारे कारकूनही ती सहज वाचत. आज तेवढे वाचक गोळा करायचे म्हटले, तर नुसत्या पुण्यातील दप्तरासाठी ते पुरणार नाहीत, मग वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर आणि तंजावर येथील कागदांची गोष्ट कशाला!

कोणी म्हणेल, महत्त्वाचे कागद छापून झाले, उरले ते हिशेब आणि पावत्या. पण सामान्य माणूस इतिहासात सापडतो तो हिशेबांत आणि पावत्यांतच. तो बखरीत नसतो. शिवाय हे कागद केवळ अभ्यासकाच्या कामाचे राहिलेले नाहीत. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा जुने दस्तऐवज वाचण्यासाठी मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची शोधाशोध झाली. त्या प्रश्नावरची मते काहीही असोत, लाखो लोकांच्या हक्काचा पुरावा अशा लिपीत आहे की जी मोजक्यांनाच वाचता येते, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

सरकारी दप्तराला निदान कुलूप असते. घरच्या कागदाला तेही नसते. अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर आणि त्यांच्यामागून जी मराठी कुटुंबे या प्रदेशात आली, त्यांच्या वाड्यांतून इनामाची, वतनाची, देवस्थानांची बाडे पिढ्यानुपिढ्या जपली गेली. आता वाडे पडत आहेत. माळ्यावरची पेटी खाली येते, तिच्यातली भांडी वाटली जातात, दागिना असेल तर त्यावर दोन दिवस चर्चा होते, आणि फडक्यात बांधलेले कागद ‘कोणाला वाचता येतात?’ या एका प्रश्नावर रद्दीत जातात. त्या घरच्या मंडळींना मी दोष देत नाही. जे वाचता येत नाही ते जपावे कसे, ही त्यांची अडचण खरी आहे.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयापुढे मी तीन लहान विनंत्या ठेवतो. पहिली, सभासदांच्या घरी असलेले मोडी कागद रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घेऊन सूची करावी. मूळ कागद ज्याचे त्याच्याकडे खुशाल राहोत. दुसरी, दर उन्हाळ्यात मोडीचा एक वर्ग भरवावा. महाराष्ट्राच्या पुराभिलेख विभागातर्फे असे वर्ग घेतले जातात, तो अनुभव आपल्याला उपयोगी पडेल. तिसरी, त्या वर्गात तरुणांना आवर्जून आणावे. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि ती संगणकावर लिहिण्याची वाट मोकळी झाली. पण निरनिराळ्या हातांचे वळण ओळखायला यंत्राला शिकवायचे, तरी आधी ते वाचणारा माणूस पाहिजे.

शंभर माणसांनी मोडी शिकावी असे मी म्हणत नाही. या गावात दहा माणसे जरी घरच्या बाडातले पान उलगडून ‘हा आमच्या पणजोबांचा कर्जरोखा, आणि ही तो फिटल्याची पावती’ असे सांगू शकली, तरी या ग्रंथालयाचे दुसरे शतक चांगले सुरू झाले असे मी समजेन. आपल्या संस्थेने शंभर वर्षे छापील पुस्तक वाचकाच्या हाती दिले. न छापलेल्या कागदालाही वाचक मिळवून द्यावा, एवढेच मागणे आहे.