बाटली पुन्हा उभी करणाऱ्या बायका

दारूबंदी म्हटलं की आपल्याला आठवतो बायकांचा मोर्चा आणि मतदानातली ती 'आडवी बाटली'. आज उलटी गोष्ट सांगतो. बायकांनी संघटना काढली ती दारूबंदी उठवायला. देश अमेरिका.

तिथं १७ जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी आली. साधा कायदा नव्हे, थेट घटनादुरुस्ती. ती रद्द करायला ४८ पैकी ३६ राज्यं हवीत. १३ अडून बसली की संपलं. आणि तोवर एकही घटनादुरुस्ती रद्द झालेली नव्हती.

विरोधकांची एक संघटना १९१८ पासूनच होती. पुढं तिच्यात पिएर द्यु पाँसारखे बडे उद्योगपती आले, पैसा आला. त्यांचा हिशेब सरळ होता: दारूवर कर बसला की आपला आयकर हलका होईल. आता सांगा, शेठजींचा आयकर वाचावा म्हणून मत कोण देणार?

इथं येतात पॉलीन सेबिन. न्यूयॉर्कच्या, रिपब्लिकन पक्षात वजन असलेल्या. गंमत म्हणजे आधी त्या दारूबंदीच्याच बाजूच्या, आपल्या दोन मुलांकडे बघून. पण तेव्हाच्या दारूबंदीवाल्या महिला संघटनेच्या अध्यक्षा, आपण अमेरिकेतल्या समस्त स्त्रियांच्या वतीनं बोलतो, असं म्हणायच्या. ते बाईंना खटकलं. मे १९२९ मध्ये शिकागोत त्यांनी वेगळी महिला संघटना काढली.

आणि मुद्दा कुठला घेतला? मुलांचाच! पूर्वी गुत्तेवाला पोराला दारू देताना परवान्याला भ्यायचा. आता चोरट्या अड्ड्यावर परवानाच नाही, तर भ्यायचं कशाला? म्हणजे दारूबंदी आणणाऱ्या आयांचा युक्तिवाद यांनी तसाच उचलला आणि उलटा फिरवला. मला तर हाच सगळ्यात हुशार डाव वाटतो. १९३२ पर्यंत सभासद दहा लाखांच्या वर गेल्याचा त्यांचा दावा होता. असे आकडे थोडे फुगीर असतातच म्हणा, पण दारूबंदी हवी म्हणजे सगळ्या बायकांना हवी, हे बोलायची सोय राहिली नाही.

त्यात मंदी आलेली, सरकारला कर हवा होता. शिवाय ही नवी दुरुस्ती राज्यांच्या विधिमंडळांकडे पाठवलीच नाही. लोकांनी खास प्रतिनिधी निवडले, त्यांनी मतं दिली. ५ डिसेंबर १९३३ ला युटा हे छत्तिसावं राज्य ठरलं आणि बंदी उठली.

सेबिनबाईंनी काम झालं म्हणून संघटना गुंडाळली. द्यु पाँसाहेबांचा आयकर मात्र हलका झाला नाही. १९३५ मध्ये रूझवेल्टनी श्रीमंतांवरचा कर उलट वाढवला.