भावी शिक्षक आणि नवीं साधनें



अध्यापक विद्यालयांत शिकणाऱ्या उमेदवार शिक्षकाला आज खडू-फळ्याबरोबर मोबाईल, पडद्यावर चित्र पाडणारा प्रोजेक्टर आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड हींही साधनें हाताळावीं लागतात. साधन हातीं आलें म्हणजे अध्यापनकला हातीं आली, असा समज त्यामुळें सहज होतो. तो कितपत खरा आहे, हें पाहण्याजोगें आहे.

सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत श्री. रणजितसिंह डिसले हे २००९ सालीं रुजू झाले. अभियांत्रिकी शिक्षण सोडून, वडिलांच्या सांगण्यावरून ते शिक्षकी पेशाकडे वळले होते. शाळेची मोडकळीस आलेली इमारत गुरांचा गोठा व कोठार यांच्यामध्यें उभी होती. परंतु मोठी अडचण निराळीच होती. मुलांच्या घरीं कन्नड बोलत आणि पुस्तकें त्या भाषेंत नव्हतीं. श्री. डिसले यांनीं आधीं कन्नड शिकून घेतली, पुस्तकें मुलांच्या भाषेंत उतरविलीं आणि त्यांत क्यूआर कोड बसविले. कोडावर मोबाईल धरला कीं कविता ऐकूं येई, पाठ पाहावयास मिळे. २०१७ सालीं राज्य सरकारनें पाठ्यपुस्तकांत असे कोड घालण्याचें जाहीर केलें. २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाल्यावर श्री. डिसले यांनीं दहा लाख डॉलरांपैकीं निम्मी रक्कम अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. त्यांच्या कामाचा क्रम ध्यानांत घ्यावा: आधीं मूल, मग भाषा, शेवटीं यंत्र.

हीच कसोटी जालना जिल्ह्यास लावून पाहूं. तेथें बंजारा समाजाचे तांडे आहेत आणि तांड्यावरील मुलाची घरची बोली गोरमाटी. समजा, एक छात्राध्यापिका अशा वर्गांत पाण्यावरील पाठ चित्रफितीनें घेते. चित्रें सुरेख आहेत, मुलें टक लावून पाहतात. पडदा विझतो, ती प्रश्न विचारते आणि वर्ग गप्प राहतो. निरीक्षक ‘साधनांचा उत्तम उपयोग’ असा शेराही देतील. पण पाठ कोठें अडला, हें तिला त्या शांततेंतूनच कळावयास हवें. त्याच मोबाईलवर तिनें तांड्यावरील एखाद्या आजीकडून विहिरीची गोष्ट गोरमाटींत सांगवून घेतली व वर्गांत ऐकविली, तर मुलें बोलूं लागतील. मग त्या शब्दांशेजारीं मराठी शब्द फळ्यावर लिहितां येतील. ह्याला इंटरनेट लागत नाहीं.

घरच्या अभ्यासाचीही तीच गोष्ट. ‘असर’च्या २०२० सालच्या पाहणींत ग्रामीण भारतांतील शाळकरी मुलांपैकीं ६१.८ टक्के मुलांच्या घरीं स्मार्टफोन आढळला. म्हणजे शंभरांतील सुमारें अडतीस मुलें मोबाईलवर दिलेल्या अभ्यासास मुकलीं असतीं. आणि घरीं एकच फोन असून तो बापाबरोबर ऊसतोडीला गेला, तर मागें राहिलेल्या मुलाच्या हातीं काय उरतें?

म्हणून भावी शिक्षकानें पाठटांचणांत साधनाचें नांव लिहितांना शेजारीं दोन प्रश्न लिहून ठेवावे: हें साधन कोणत्या मुलापर्यंत पोंचणार नाहीं? आणि वीज गेली तर पाठ पुढें कसा चालेल? ह्यांचीं उत्तरें ज्याच्यापाशीं आहेत, त्यानें यंत्र खुशाल वर्गांत न्यावें.