वाघतोंड्या राक्षस आणि आपला संकासुर

सुट्टीला मुंबईहून मालवण तालुक्यातल्या आमच्या आचऱ्यात येणाऱ्या पोरांच्या पिशवीत हल्ली एखादं जाडजूड इंग्रजी पुस्तक दिसतं. ते असतं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत काढलेला हा खेळ. चार-पाच जणांनी बसायचं, एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकत, बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची. संवाद लिहिलेले नाहीत. आपल्या धयकाल्यात, म्हणजे दशावतारी नाटकात, तरी कुठे असतात?

१९७७ साली या खेळाचा 'मॉन्स्टर मॅन्युअल' निघाला. अक्राळविक्राळ प्राण्यांचा सचित्र कोश. त्यात 'राक्षस'ही आहे, आपल्याच नावाने. पण चित्रात वाघाचं डोकं, अंगात उंची झगा आणि ओढायला साहेबी पाइप! हा लंकेतून आलेला नव्हे, अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या एका भागावरून सुचलेला. पुढच्या आवृत्त्यांत त्याचे तळहात उलटे झाले. आपल्याकडे उलटी असतात ती भुताची पावलं, असो.

मला आवडला तो त्यातला लोखंड गंजवणारा प्राणी. हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यावरून बेतलेला, दिसायला अगदी बावळट. पण त्याच्या मिशा लागल्या की तलवारीचा भुगा. जीव वाचतो, हत्यार जातं, आणि खेळणारे मोठ्या ड्रॅगनइतकेच याला वचकून असतात. (आचऱ्यात हे काम खारी हवा फुकट करते, खिडकीचे गज बघा.)

राक्षसाची दात-नखं कितीही रंगवा, तो आपलं काय नेणार हे कळल्याशिवाय धडकी भरत नाही. धयकाल्यातल्या संकासुराला हे पक्कं ठाऊक आहे. काळे कपडे, काळं तोंड, लोंबणारी लाल जीभ, बस्स. चोरतो मात्र थेट वेद! वर मालवणीत ब्रह्मदेवाची टर उडवतो. मोठी माणसं हसतात आणि पुढे बसलेली पोरं आईच्या कुशीत शिरतात. पिंगुळीच्या ठाकरांच्या चित्रकथीतही, म्हणजे चित्रं दाखवत सांगायच्या गोष्टीतही, राक्षस कागदावर एकटा नसतो. गाऊन सांगणारा त्याला उभा करतो. त्या अमेरिकन खेळातही चित्र पुरेसं नाही, खेळ चालवणाऱ्याची जीभ चालावी लागते.

आणि चित्रच नसलेलं भय? ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की गावपळणीत अख्खं आचरे गुरं-कोंबड्यांसकट तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहतं. मागे रिकाम्या गावात कोण वावरतं, ते कुठल्याच कोशात काढलेलं नाही. काढूही नये, असं माझं मत.

बाकीचे राक्षस मात्र जरूर काढा. पोरांनो, पिंगुळीला जा. २०२१ साली पद्मश्री मिळालेल्या परशुराम गंगावणे यांनी तिथे चित्रकथीच्या पोथ्या आणि बाहुल्या जपून ठेवल्या आहेत, त्या निरखून बघा. मग तुमच्या खेळात संकासुराला जागा द्या, आणि त्याला मालवणीतच बोलू द्या.