भुताच्या मानगुटीवर

(कार्यकर्त्यांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचा थोडा संपादित केलेला मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'सिनेमा आणि स्त्री' असा भारदस्त विषय छापला आहे. तुम्हांला वाटलं असेल, ही बाई आता 'उंबरठा'वर बोलणार. 'उंबरठा'वर माझं प्रेम आहेच. पण आज मी बोलणार आहे भुताखेतांच्या विनोदी सिनेमांवर. तेही स्वस्तातल्या. भुताचा मुखवटा कानापाशी सुटलेला दिसतो, तरी लोक दहादा बघतात, अशा सिनेमांवर. मला ते मनापासून आवडतात, आणि ही आवड मी चळवळीतल्या मैत्रिणींपासून कितीतरी वर्षं लपवून ठेवली होती. आज कबूल करते.

लपवणं सुटलं ते एका प्रसंगामुळे. 1990च्या दशकाची मधली वर्षं. आम्ही एका वस्तीत दर आठवड्याला बैठक घ्यायचो. गणपतीत मंडळाच्या पोरांनी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला. आम्ही वशिला लावून एक संध्याकाळ मागून घेतली आणि हुंड्याच्या प्रश्नावरची एक फिल्म दाखवली. फिल्म चांगली होती. बायका मांडीवर पोरं घेऊन बसल्या, काहींचा डोळा लागला, काही स्वयंपाकाला म्हणून उठून गेल्या. रात्री पोरांनी 'झपाटलेला' लावला आणि उठून गेलेल्या सगळ्या परत आल्या. पटकुरावर जागा पुरेना. मी मागे उभी राहून बघत होते. इतक्या मोकळेपणानं हसणाऱ्या बायका त्या वस्तीत मी तोवर पाहिल्या नव्हत्या. तोंडावर पदर नाही, 'अगं हळू' नाही.

दुसऱ्या दिवशी एक मावशी माझ्याकडे आल्या. त्यांची सून दोन महिन्यांची बाळंतीण होती. बोलत नव्हती, झोपत नव्हती, पोराला जवळ घेत नव्हती. तिला 'बाहेरचं' झालंय असं घरात ठरलं होतं. भगत यायचा, झोडपायचा, मिरच्यांची धुरी द्यायचा. आम्ही महिनाभर सांगत होतो की हा आजार आहे, दवाखान्यात नेऊ या. मावशी ऐकून घ्यायच्या आणि गप्प राहायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "ताई, त्या शिनेमातला बाबा मंत्र म्हणत व्हता ना, आमचा भगत अगदी तसाच फट फट करतो. मला रातीला हसू आलं. अन् मग झोपच लागली नाही."

सून आधी तालुक्याच्या आणि तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात गेली. बरी व्हायला सात-आठ महिने लागले. सिनेमानं हे घडवलं असं मी म्हणणार नाही. महिनाभराचं आमचं जाणं-येणं होतं, मावशींचं स्वतःचं काळीज होतं. पण अडलेलं दार त्या हसण्यानं किलकिलं झालं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून मी विचार करते आहे की या सिनेमात असं असतं तरी काय?

'झपाटलेला' 1993चा, महेश कोठारे यांचा. अमेरिकेत 1988 साली 'चाइल्ड्स प्ले' नावाचा सिनेमा आला होता, त्याच्या कल्पनेवर बेतलेला. तात्या विंचू नावाचा गुंड मरताना मंत्राच्या जोरावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो, आणि तो बाहुला लक्ष्याच्या घरी येतो. बाहुला केला आणि हलवला रामदास पाध्ये यांनी, आपल्या अर्धवटरावांच्या पाध्यांनी. आता या कथेकडे आपल्या कामाच्या नजरेनं बघा. चारचौघांत तो बाहुला निर्जीव, बापडा, गोड दिसणारा. लक्ष्या एकटा सापडला की त्याच्या डोळ्यांत खून. लक्ष्या जीव तोडून सांगतो, 'हा बोलतो, हा मारतो', आणि कुणाचा विश्वास बसत नाही. उलट त्यालाच वेड लागलं असं लोकांना वाटतं.

आपल्या सल्ला केंद्रावर येणारी प्रत्येक दुसरी बाई हेच सांगत नाही का? "बाहेर देवमाणूस आहे हो, दार लागलं की वेगळाच असतो." आणि समोरचे म्हणतात, "तो? शक्यच नाही." वस्तीतल्या बायका लक्ष्याला हसत होत्या हे खरं. पण त्या हसण्यात ओळख होती असं मला वाटतं. शिवाय ज्याला सगळे घाबरतात तो उंचीनं हातभर! त्याला उचलून भिंतीवर आपटता येतं. स्वतःच्या घरातल्या भीतीची अशी उंची मोजून बघायची संधी बाईला एरवी कुठे मिळते?

दुसरी गोष्ट स्वस्ताईची. मोठ्या खर्चाचा भीतिपट आपल्याला गप्प करतो. स्वस्तातल्या सिनेमात भीती कशी तयार केली ते दिसतं. अमेरिकेत रॉजर कॉर्मन या निर्माता-दिग्दर्शकानं माणसं खाणाऱ्या झाडाचा 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' (1960) हा विनोदी भयपट मुख्यतः दोन दिवसांत, आधीच उभ्या असलेल्या सेटवर उरकला. सॅम रायमी आणि त्याचे मित्र 'द ईव्हिल डेड' (1981) करायला टेनेसीतल्या एका पडक्या झोपडीत गेले. त्यातलं रक्त म्हणजे मक्याचा गोड पाक आणि रंग. हे बघताना प्रेक्षक घाबरतो आणि त्याच वेळी म्हणतो, 'अरे, हा तर पाक आहे!' भगताच्या लिंबाकडे, हळदकुंकवाकडे, घुमण्याकडे असं बघायला शिकणं हेच तर आपण वर्षानुवर्षं शिकवत आलो. भीती ही बनवलेली वस्तू आहे आणि तिचा खर्चही फार नसतो.

पण मी या सिनेमांची वकिली करायला उभी नाही. त्याच 'ईव्हिल डेड'मध्ये जंगलातल्या वेली एका मुलीवर बलात्कार करतात असं दृश्य आहे. पुढे खुद्द रायमीनं त्याबद्दल खेद व्यक्त केला. आपल्याकडे रामसे बंधूंच्या हिंदी भीतिपटांत अंघोळीचं दृश्य ठरलेलं, आणि मधे मधे विनोदाचा तुकडा. तरीसुद्धा त्यांच्या 'पुराना मंदिर'चा (1984) शाप काय आहे ते आठवा. त्या घराण्यातली प्रत्येक लेक बाळंतपणात मरेल, असा तो शाप. सामरी राक्षस पडद्यावर आला की थिएटर किंचाळायचं. पण ही भीती रामशांनी शोधलेली नाही. ती आपल्या आज्यांची आहे. आपल्याकडची अळवंतीण कोण? बाळंतपणात मेलेली बाई. जिला वेळेवर उपचार मिळाले नाहीत, तिला आपण मेल्यावरही दोषी धरलं, आणि जिवंत बाळंतिणींना तिची भीती घातली. त्या मावशींच्या सुनेला कोण 'लागलं' होतं म्हणे? तीच.

बायकांनी स्वतः असा सिनेमा केला तर काय होतं, याचंही एक उदाहरण आहे. रिटा मे ब्राउन ही अमेरिकेतली स्त्रीवादी लेखिका. मुलींना एकेक करून मारणाऱ्या सिनेमांची टिंगल करायला तिनं एक पटकथा लिहिली. एमी होल्डन जोन्स हिनं त्यातले पहिले काही प्रसंग चित्रित करून कॉर्मनला दाखवले आणि सिनेमा मिळवला. त्यासाठी तिनं स्पीलबर्गच्या 'ई.टी.'च्या संकलनाचं काम सोडलं! सिनेमाचं नाव 'द स्लंबर पार्टी मॅसेकर' (1982). चित्रीकरणात टिंगल बरीच पुसट झाली आणि तो चारचौघांसारखा खूनपट झाला. उघड्या मुली त्यातही आहेत, कारण बाजाराला त्या हव्या होत्या. पण खुन्याच्या हातात भलंमोठं ड्रिल आहे, आणि शेवटी एक मुलगी कोयत्यानं त्या ड्रिलचं टोक छाटते. ड्रिल म्हणजे काय, हे इथे बसलेल्या कुणाला समजावून सांगायला नको. (हशा) पुढचे दोन भागही बायकांनीच दिग्दर्शित केले. म्हणजे विडंबन अर्धं जिंकलं, अर्धं हरलं. आपल्या बऱ्याच लढायांसारखंच.

तेव्हा प्रश्न हसायचं की नाही हा नाही. कुणाला हसायचं हा आहे. अंगात आलेल्या बाईला हसणं सोपं आहे. पण जिला घरात तोंड उघडता येत नाही, तिला कधी कधी देवीच्याच तोंडानं बोलावं लागतं. तिला हसलो तर आपण सासरच्यांच्या रांगेत जाऊन बसलो. भगताला हसलो, ज्या घरानं तिला त्याच्यापुढे बसवलं त्या घराला हसलो, तर ते हसू आपलं.

अलीकडच्या सिनेमांना हे थोडं कळलं आहे. 'स्त्री'त (2018) रात्रीचं एकटं बाहेर पडायचं नाही, अशी ताकीद गावातल्या पुरुषांना मिळते. तो सिनेमा बघताना माझ्या शेजारच्या रांगेतल्या मुली एवढ्या का हसत होत्या, ते पुरुषांना विचारू नका, त्यांना उशिरा कळेल. कोकणातला 'मुंज्या' (2024) तर 'नाही' ऐकून न घेणाऱ्या मुलाचं भूत आहे. मेल्यावरही त्याचा हट्ट सुटत नाही. असे मुंजे जिवंतपणीही आपल्या मुलींच्या मागे सायकलवरून फिरतात.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यांनी वर्षानुवर्षं मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, हे त्याच्या अनुसूचीत गुन्हा म्हणून लिहिलं आहे. ते वाचताना मला ती सून आठवली. तिच्या वेळी हा कायदा नव्हता. पण कायदा असला तरी पोलीस चौकीपर्यंत पाय उचलायला आधी भीती उतरावी लागते, आणि ती उतरवायला कलम पुरत नाही.

म्हणून एवढंच सुचवते. पुढच्या बैठकीत असा एक सिनेमा लावा. आधी पोटभर हसू द्या, मधे भाषण करू नका. मग तीन प्रश्न विचारा. कुणाला घाबरलात? कुणाला हसलात? आणि असं कुणी आपल्या ओळखीचं आहे का? तिसऱ्या प्रश्नानंतर शांतता पसरेल. ती मोडायची घाई करू नका. मावशी बोलायला दुसऱ्या दिवशी आल्या होत्या.